बेचाळीस नंबरची भाकरी

शाळेत असताना माझी एक ठरलेली फुशारकी होती. "माझ्या आईच्या हातची भाकरी मोठमोठे साहेब खातात आणि तिला मार्क देतात," असं मी कुणालाही सांगायचे, कुणी विचारलेलं नसलं तरी. वर्गातल्या एकीनं एकदा विचारलं, "मग तुझी आई कधी नापास होते का गं?" मी म्हटलं, "आई नाही, ज्वारी नापास होते." तिला ते काही कळलं नाही. मला मात्र आपण फार शहाणं बोललो असं वाटलं.

ते मला अगदी खरं वाटत होतं. पुण्याच्या पूर्वेला, कालव्याच्या कडेला तेव्हा ज्वारीवर संशोधन करणारं एक छोटं सरकारी केंद्र होतं. वडील तिथे बैल हाकायचे. ते वारले तेव्हा मी दुसरीत होते. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी आईला त्यांच्या जागी रोजंदारीवर घेतलं, पण बैल तिच्या हाती दिले नाहीत, खुरपं दिलं. मजुरांच्या चाळीतल्या दोन खोल्या आमच्याकडेच राहिल्या. पुढे प्रयोगशाळेमागच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई सोडून गेली म्हणून आईला चार दिवसांसाठी तिथे बोलावलं आणि ती पुढची सगळी वर्षं तिथेच राहिली.

संशोधनात स्वयंपाकघराचं काय काम, असं शहरातली माणसं विचारतात. आमच्याकडे ज्वारी कितीही पिकली तरी तिची भाकरी वातड झाली तर शेतकरी ती दुसऱ्यांदा पेरत नाही. म्हणून नवं वाण बाहेर सोडायच्या आधी त्याची भाकरी करून, खाऊन बघायची पद्धत होती. सुगी संपली की प्रत्येक वाणाची एक पिशवी स्वयंपाकघरात यायची. पिशवीवर नाव नसायचं, फक्त नंबर. तुलनेला नेहमीची मालदांडी ज्वारी असायची, तिलासुद्धा नंबरच. खाणाऱ्याच्या मनात नावाचा मोह राहू नये म्हणून ही सगळी काळजी.

आई एका नंबरचं दळायची, मग छोटी चक्की ब्रशनं झाडून काढायची, परात धुवायची, आणि तेव्हाच दुसऱ्या पिशवीला हात लावायची. दिवसाला आठ नंबर व्हायचे. आधणाचं पाणी मापून घ्यायचं, भाकरी सारख्या जाडीची थापायची, तव्यावर सारखाच वेळ ठेवायची. मग तिचे पाच तुकडे करून पाच ताटल्यांत, समोर नंबराची चिठ्ठी. शिपाई त्या ताटल्या पाच परीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. मोठे साहेब धरून चार साहेब आणि पाचवे एक तांत्रिक साहाय्यक. प्रत्येकाकडे छापील तक्ता. रंग, वास, चव, चावायला कशी, सगळ्याला पाचपैकी मार्क. दुपारी तक्ते भरून आणि ताटल्या परत येऊन काम संपायचं. मी शाळेतून यायचे तेव्हा ताटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या असायच्या.

त्या तक्त्यात आईसाठी रकाना नव्हता. तिचं मत ती घरी येऊन मला सांगायची, आणि ते साहेबांच्यासारखं गुळमुळीत नसायचं. "आज तेरा नंबर म्हंजे निव्वळ रबर." "एकवीसला पानी लई लागतं, पर चव न्हाई. माणसासारखंच हाय ते बी, नुसतं पीत बसतंय." मी हसून लोळायचे. एवढं बोलून झालं की शेवटी बेचाळीस यायचा, आणि तेव्हा ती थट्टा करायची नाही.

बेचाळीस हे केंद्रात तयार केलेलं वाण नव्हतं. शहराला लागून असलेल्या एका गावातल्या शेतकऱ्याकडून कुणीतरी कधीतरी ते बी आणलेलं होतं. दाणा बारीक, थोडा पिवळसर. धाट उंच वाढायचं आणि वाऱ्यात लोळायचं. उताऱ्याला इतरांपेक्षा कमीच. "पर पीठ हातात घेतलं की सवताहून गोळा व्हतं," आई सांगायची. "आन दुसऱ्या दिवशी बी भाकर मऊ. म्हाताऱ्या माणसानं दात नसताना खावी आशी." उताऱ्याला मागे पडलेल्या वाणाला वर यायला एकच शिडी होती, भाकरीचे मार्क. ते चांगले पडले तर बेचाळीस पुढच्या चाचणीत गेला असता, तिथून शेतकऱ्यांच्या रानात. आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. तिला एवढंच हवं होतं. "ही भायेर पडाय पायजे," ती म्हणायची. "लोकांनी खाल्ली पायजे."

मी बारावी झाले तेव्हा पुणं बदलायला लागलं होतं. देशाची दारं उघडली, असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे ती उघडली म्हणजे कालव्यापलीकडच्या उसाच्या रानात डंपर यायला लागले आणि चाळीतल्या पोरांनी शेतकीच्या पदविकेऐवजी संगणकाच्या क्लासचे फॉर्म आणले. मीही आणला. क्लास पुरा केला, आणि मोठ्या साहेबांनी मला केंद्रात कंत्राटावर घेतलं. जुने सगळे तक्ते संगणकात भरायचे होते. हे त्यांचे उपकार मी आजही नाकारत नाही. त्यांनी मला खुर्ची दिली. आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली.

बियाण्याच्या जुन्या कोठारात माझा संगणक ठेवला होता. त्याला गार हवा लागायची म्हणून केंद्रातला पहिला एसी तिथे बसला. साहेबांच्या खोलीत पंखा आणि माझ्याकडे एसी, यावरून मजूर बायका मला चिडवायच्या. फ्लॉपी संपल्या की मी बुधवार पेठेत जायचे, दुकानदाराशी ऐटीत बोलायचे, आणि परत येताना आपण देशाच्या प्रगतीत हातभार लावून आलो असं मला वाटायचं. आई दुपारी खिडकीच्या काचेतून डोकावून जायची. आत यायची नाही. हात पिठाचे असतात, मशीन बिघडेल, म्हणायची.

त्याच सुमारास सरकारी संशोधनाची झाडाझडती सुरू झाली. गरीब देशांनी सगळंच संशोधन करत बसू नये, निवडक करावं, बाकीचं कंपन्या करतील, अशा अर्थाचे जाड, गुळगुळीत कागदाचे अहवाल साहेबांच्या टेबलावर यायला लागले. दिल्लीहून समिती येणार होती. प्रत्येक कामाचा उपयोग सिद्ध करा, नाहीतर ते बंद करा, असा निरोप होता. मोठ्या साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "भाकरीच्या चाचणीचे सगळ्या वर्षांचे आकडे आपल्याकडे आहेत ना? वाणावाणांत चवीचा फरक दिसतो का, तेवढं काढून द्या."

मी आनंदानं कामाला लागले. अडचण एकच आली. पाचव्या परीक्षकाचे, म्हणजे तांत्रिक साहाय्यकांचे तक्ते कुठेच बसेनात. ते काका तोवर निवृत्त झाले होते. जवळच्या खेड्यातले, शेतकरी घरातले, घरून डब्यात लाल मिरचीची चटणी आणायचे म्हणून आम्ही मायलेकी त्यांना चटणीवाले काका म्हणायचो. बाकी चौघांचे आकडे शिस्तीत होते, चार, चार, तीन, चार. काकांचे कुठे एक, कुठे पाच. काही ठिकाणी रकाना कोराच. माझ्या प्रोग्रॅमला कोरे रकाने चालत नसत. मी पुस्तकात पाहिलं. गटाशी न जुळणारा, अपूर्ण नोंदी करणारा परीक्षक वगळावा, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. मी त्यांना वगळलं. एक कळ दाबावी लागली, बस्स.

मग निकाल कसा स्वच्छ आला. वाणावाणांत चवीचा काहीही फरक नाही. मी त्याचा रंगीत आलेख केला, सगळे खांब एका उंचीचे. समितीपुढे मोठ्या साहेबांनी तो पडद्यावर दाखवला आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्याच मजुराची मुलगी." टाळ्या वाजल्या. भाकरीची चाचणी बंद करून तो निधी नव्या यंत्राकडे वळवावा असं तिथल्या तिथे ठरलं.

त्या संध्याकाळी आलेखाचा कागद घेऊन मी घरी आले. आई चुलीपुढे होती. मी तिला खांब दाखवले.

"सगळ्या सारख्याच?" तिनं विचारलं.

"हो. काही फरकच नाही. इतकी वर्षं उगाच सगळ्यांची मेहनत गेली."

"तेरा बी? बेचाळीस बी?"

"हो गं आई. आकडे खोटं बोलत नाहीत."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आकडं कुणी लिवलं?"

"साहेबांनी."

"मग बराबर हाय," ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढलं. तिच्या बोलण्यात काही आहे असं मला वाटलं नाही. मी पोटभर जेवले, आणि आलेख भिंतीवर बुद्धाच्या फोटोशेजारी चिकटवला. तो तिथे बरीच वर्षं होता. रोज सकाळी ती त्याच्यासमोर उभी राहून केस विंचरायची.

स्वयंपाकघराला कुलूप लागलं. आईला पाहुण्यांच्या बंगल्यात झाडलोटीला लावलं. मार्काची शिडीच काढून घेतल्यावर बेचाळीस पुढच्या यादीत आला नाही. तिनं त्याबद्दल एकदाच विचारलं, कागदावर आता त्याचं नाव कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, "कुठेच नाही." ती बरं म्हणाली. दोन वर्षांत माझं कंत्राट संपलं आणि मला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळाली. कात्रजच्या बाजूला मी छोटा फ्लॅट घेतला. आई निवृत्त होऊन माझ्याकडे आली. मी गव्हाच्या पोळ्या करायला बाई लावली. सुख म्हणतात ते असंच असावं, अशी माझी समजूत होती.

बऱ्याच वर्षांनी मोठ्या साहेबांचा फोन आला. ते निवृत्तीला टेकले होते. केंद्रातली जुनी माहिती नव्या प्रणालीत हलवायची होती आणि माझ्या फायली कुणाला उघडता येत नव्हत्या. "आपणच केलेलं आहे, आपणच येऊन सोडवा," म्हणाले. मी शनिवारी शनिवारी जायला लागले. एका शनिवारी कपाटात स्वयंपाकघराची वही सापडली. कोणत्या दिवशी कोणत्या नंबरच्या भाकरी झाल्या त्याची नोंदवही. आधी कुणी मला ती भरायला दिली नव्हती. मी सहज चाळली. एका पानावर प्रयोगशाळेतल्या कारकुनानं लिहिलं होतं, नंबर सतरा, पिशवीला उंदीर लागले, भाकरी केली नाही.

मी स्क्रीनवर तो दिवस काढला. नंबर सतराला चारही साहेबांनी मार्क दिलेले होते. रंग चार. वास चार. चव तीन. चावायला चार.

पहिल्यांदा मला वाटलं, मीच आकडे चुकीच्या ओळीत भरले. मूळ तक्ते काढले. निळ्या शाईत, सह्यांसकट, तेच आकडे. मग मी काकांचा तक्ता शोधला. सतराव्या ओळीत रकाने कोरे होते आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, नमुना मिळाला नाही. आकडे भरताना ते मी वाचलंच नव्हतं.

मी उंदरांच्या, किड्यांच्या, रॉकेल सांडल्याच्या सगळ्या नोंदी काढल्या. न केलेल्या प्रत्येक भाकरीला चार साहेबांचे मार्क होते, आणि काकांचा रकाना कोरा. म्हणजे पाच परीक्षकांत भाकरी खाणारा माणूस एकच होता, आणि मी त्यालाच वगळलं होतं. बेचाळीसच्या ओळीत काकांनी दरवर्षी पाच मार्क दिले होते. ते मला आधीही दिसले होते. ते मी माझ्या हातानं पुसले होते.

घरी येऊन मी आईला विचारलं. तेव्हा तिचं कमरेचं हाड मोडलेलं होतं आणि ती बिछान्यावरच असायची.

"आई, साहेब लोक तुझी भाकरी खायचेच नाहीत?"

"तुला आत्ता कळलं व्हय?"

"तुला माहीत होतं?"

"ताटल्या कोण घासत हुतं? तुकडं जसंच्या तसं माघारी यायचं. कुणाचा मंगळवार, कुणाचा गुरुवार, कुणाला पित्त. उपास सरतच न्हवतं. चटणीवालं तेवढं खायाचं."

"मग तू तुकड्यांचं काय करायचीस?"

"बैलास्नी घालायची. त्यांनी खाल्लं आवडीनं. पर बैलं काय मार्क देत न्हाईत."

साहेब का खायचे नाहीत हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्या आजोबांनी दीक्षा घेऊन सगळं मागे टाकलं होतं, आणि ते केंद्रातल्या ताटल्यांमध्ये बसून राहिलं होतं. मी एवढंच विचारलं की मला का नाही सांगितलंस. आलेख घेऊन आले त्या दिवशी तरी?

"तू साळंत सगळ्यास्नी सांगायचीस, सायेब माझ्या आईची भाकर खात्यात," ती म्हणाली. "तेवढ्यावर ताठ मानेनं चालायचीस तू. ते मी कसं मोडू? आन त्या दिशी तर तुला टाळ्या पडल्या हुत्या."

मी तिच्या पायाशी बसून ओक्साबोक्शी रडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडून काय उपेग? बेचाळीसचं बी हाय का ते बग."

सोमवारी रजा टाकून मी मोठ्या साहेबांसमोर वही आणि तक्ते ठेवले. त्यांनी चष्मा पुसला. स्वतःची सही ओळखली. तक्ता बाजूला सरकवत म्हणाले, "त्या काळी कामं फार असायची हो." मी सतराची ओळ बोटानं दाखवली. "आता हे उकरून कुणाचं भलं होणार? आपलीही त्यात सही आहे. निकाल आपणच काढला होता." ते धमकी देत नव्हते, हे मला आजही वाटतं. खरं तेच सांगत होते. आडातच नव्हतं ते पोहऱ्यात मी आणलं होतं, आणि वर त्याचा रंगीत आलेख केला होता. शेवटी त्यांनी बियाण्याच्या खोलीची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

चालू वाणांचं बी शीतगृहात होतं. बंद केलेली वाणं पत्र्याच्या शेडमधल्या कपाटात गेली होती, आणि त्या शेडनं पुण्याचे कितीतरी उन्हाळे काढले होते. बेचाळीसची पिशवी सापडली. दाणे चांगले दिसत होते, तेच बारीक, पिवळसर. दाणे रुजतात का हे बघायला प्रयोगशाळेतल्या बाईनं मला ओल्या कागदाच्या गुंडाळ्या करून दिल्या, आणि तसं मी आईला सांगितलं. पाच दिवसांनी उघडल्या, एकही कोंब नाही. आणखी पाच दिवस थांबलो. दाणे बुरसले. दिल्लीच्या बियाणेकोशात चौकशी केली. तिकडे पाठवलेल्या वाणांत बेचाळीस नव्हता, कारण ती यादी चाचणीच्या निकालावरून केली होती.

जिथून ते बी आलं होतं त्या गावीही मी गेले. गाव आता शहरातच होतं. घर बंगल्याचं झालं होतं, दारात दोन गाड्या. मालक माणूस भला होता, चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. "जवारी?" तो हसला. "ताई, आता कोण करतंय? ते काय, त्या काचंच्या बिल्डिंगीच्या पार्किंगमधी हाय आमचं रान." मी वळून पाहिलं. माझ्याच कंपनीची एक शाखा त्या इमारतीत होती.

घरी आले तर आई जागीच होती. माझी चप्पल वाजल्याबरोबर तिनं विचारलं, "उगावलं का?"

मी म्हटलं, "हो. उगवलं."

दसरा नुकताच झाला होता. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते. तिचा चेहरा असा उजळला की मला पुढचं खोटं आपोआप सुचलं. मी म्हटलं, केंद्रानं एक वाफा दिलाय, साहेबांनी चूक कबूल केलीय, मी शनिवारी जाऊन बघते. मग त्या हिवाळ्यात मी एक नसलेलं पीक वाढवलं. दर शनिवारी मी घरातून निघायचे, कुठेतरी बागेत बसून राहायचे, आणि येऊन तिला सांगायचे. चार पानांवर आली. गुडघ्याला लागली. पोटरीला आली, आता कणीस बाहेर पडेल. ती तपशील विचारायची, खोडमाशी पडली का, कोळपणी झाली का, पाखरं राखायला कोण आहे. मी रात्री वाचून ठेवायचे आणि उत्तरं द्यायचे. "उंच व्हती ती, वाऱ्यानं लोळंल," ती काळजीनं म्हणायची. एके दिवशी जोराचा वारा सुटला तर तिला झोप आली नाही. मी सांगितलं, फोन केला होता, पीक उभं आहे.

शिवरात्रीनंतर तिनं विचारलं, "काढणी झाली असंल न्हवं?" आता पळवाट नव्हती. मी मार्केट यार्डात गेले आणि चांगल्यात चांगली ज्वारी घेतली. तिचा दाणा टपोरा होता, पांढराशुभ्र. मी दळूनच घरी आणली, म्हणजे दाणा दिसायला नको. मला भाकरी येत नव्हती. आईनं कधी शिकू दिली नव्हती, तू अभ्यास कर म्हणायची. शेजारणीकडे जाऊन मी आठ दिवस शिकले. पहिल्या सगळ्या फाटल्या.

मग एका रविवारी सकाळी मी ताटलीत भाकरी घेऊन तिच्यापाशी गेले. "बेचाळीस," म्हटलं.

तिनं भाकरी हातात घेतली, मोडली. तुकडा दोन बोटांत चुरून पाहिला. नाकाशी नेला. मग तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिली. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. जी बाई तेरा आणि एकवीस नुसत्या पिठावरून सांगायची, तिला बाजारची ज्वारी कळणार नाही, असं मला एक क्षणही वाटलं नाही. आता ती सांगेल, आणि सांगितलं तर बरंच होईल, असं मी मनाशी म्हणत होते.

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"हीच ती," ती म्हणाली.

साहेबांनी तिची भाकरी न खाता मार्क दिले होते. तिनं माझी खाल्ली, शेवटच्या घासापर्यंत, कोरडीच, आणि खाऊन खोटे मार्क दिले. मग ताटली पुढे केली. "लई दिसांनी खाल्ली. आनिक एक आन."

मी स्वयंपाकघरात गेले, पीठ घेतलं, थापलं, तव्यावर टाकलं. मला समोरचं काही दिसत नव्हतं. पिठाच्या हातांनी तोंड दाबून मी ओट्याला टेकून उभी राहिले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तो गेला असावा. कारण आतल्या खोलीतून आई म्हणाली, "पोरी, उलट ती. करपंल."